घारापुरी की अलिबाग? एकीकडे वार बघा, दुसरीकडे तिथी

सुट्टीत नाशिक-पुण्याहून पाहुणे आले की आमच्याकडे प्रश्न ठरलेला: "एकच दिवस आहे, बोटीत बसायचंय, थोडं भटकायचंय. घारापुरी करू की अलिबाग?" दोन्हीकडच्या बोटी गेटवेवरून सुटतात, म्हणून या सहली एकसारख्या वाटतात. पण घारापुरीच्या दिवसात मुंबई बघून होते, अलिबागच्या दिवसात ती मागे टाकावी लागते.

घारापुरीची लाँच संथ. जायला तासभर लागतो आणि हा तास म्हणजेच निम्मी सहल. सुटल्यावर मागे गेटवे आणि ताज, डावीकडे नौदलाच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका, पुढे बुचर बेटाच्या धक्क्याला लागलेली तेलाची जहाजं, लांबवर ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट आणि न्हावा-शेव्याच्या क्रेन. मुंबई अजूनही बंदर आहे, हे लोकलने फिरणाऱ्याला कधी जाणवत नाही, इथे जाणवतं. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे सकाळी जरूर द्या, परतताना उन्हात खालीच बरं. आणि लाइफ जॅकेट मांडीवर ठेवू नका, घाला. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट याच मार्गावरच्या फेरीबोटीवर आदळून माणसं गेली आहेत.

अलिबागसाठी मांडव्याची बोट घ्यायची, ती पाऊण-एक तासात पोचवते. पुढे अलिबागपर्यंत बस, तिचे पैसे बहुतेक बोटीच्या तिकिटातच धरलेले असतात. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात, तेव्हा रो-रोचाच आधार.

आता पायांचं. घारापुरीला धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चुकत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. भाव आधी ठरवा. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्येच तिखटमीठ लावलेली कैरी आणि काकडी. हातातली थंड्याची बाटली माकडं नेतात. आमच्या मावशीची नेली, आणि झाकणसुद्धा व्यवस्थित फिरवून उघडलं.

उन्हातून लेण्यात शिरलं की पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मग समोरच्या अंधारातून शिवाची ती अठराएक फुटी त्रिमूर्ती हळूहळू पुढे येते. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा. डावीकडे अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप, मिशा आणि हातात नाग. उजवीकडे वामदेव, म्हणजे सौम्य रूप, बाईचा वाटावा असा चेहरा आणि हातात कमळ. घाई करू नका, डोळे सरावू द्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र इथे नाही. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

दोनपर्यंत गेटवेला परत आलात तर खरा फायदा: काळा घोडा, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्यांवर बैठक, आणि बॅलार्ड इस्टेटच्या सावलीतून सीएसएमटी. रमतगमत दोन तास. पण लेणी सोमवारी बंद.

अलिबागचं सगळं गणित ओहोटीवर. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीलाच चालत जाता येतं. एकदा मी पौर्णिमेला भर दुपारी माणसं घेऊन गेलो. किल्ल्याच्या चारही बाजूंना पाणी, आणि आम्ही वाळूत वडापाव खात बसलेलो. कोकणातला ठोकताळा त्यानंतर पाठ केला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, म्हणजे किल्ला गेला. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरेसं ओसरत नाही, पँट वर करावीच लागते. मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला एकादशी-द्वादशी सोयीची, ओहोटी दुपारी दोन-तीनला. किनाऱ्यावर घोडागाड्या असतात. परत कधी फिरायचं हे त्या गाडीवाल्यांना विचारा, पाणी मागून चढतं.

किल्ल्यात आंग्रेकालीन गणपतीचं देऊळ, तटावर चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या इंग्रजी तोफा, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी गोड्या पाण्याची विहीर. आटोपशीर आणि सुंदर. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे फारसं कोणी थांबत नाही, थांबा. मात्र संध्याकाळच्या बोटीची वेळ डोक्यात ठेवूनच फिरायचं, त्यामुळे जेवण उरकावं लागतं, आणि अलिबागला मासे उरकण्यात काय अर्थ? माझं मत: अलिबागला एक रात्र काढता येत असेल तरच जा.

पहिल्यांदा मुंबई बघणाऱ्याला मी डोळे मिटून घारापुरी सांगतो. मुंबईतच वाढलेल्यांना आणि किल्लेवेड्यांना अलिबाग. सोमवार आणि पौर्णिमा एकाच दिवशी आली तर लाँचमध्ये बसूच नका, सरळ भायखळ्याला जाऊन तो हत्ती बघा.