बिबट पकडायचा पिंजरा ‘परवान्यासकट’ विकणाऱ्यापासून सावध राहा

पिंजरा आणि सोबत वनविभागाचा परवाना, असं विकत फिरणारा एक इसम चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात येऊन गेला. घरटी वर्गणी काढून आम्ही त्याला पैसे दिले. तुमच्या गावात तो उतरायच्या आत हे वाचा.

बिबट एकामागून एक शेळ्या उचलत होता. आमच्याकडचा शेळ्यांचा कोठा, म्हणजे गोठा, तुराट्यांचा कूड अन् वर टिन, त्याला शिरायला कितीसा वेळ लागतो? गाव चिडलेलं, आणि नेमका तेव्हाच हा आला. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. “काकाजी, डिपार्टमेंटजवळ पिंजरे कमी आहेत, म्हणून ठेका आम्हाले भेटला. परवाना तुमच्याच नावानं काढून देतो. अडकला की फक्त फोन करा.”

तो परवाना मी नीट पाहिला. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, सहीचा नुसता गुंता. जावक क्रमांकाची जागा कोरी. कारण लिहिलेलं ‘शेळ्यांचे नुकसान’, मुदत एक वर्ष.

खरं तर शिक्का तपासायची गरजच नाही, ते कारणच खोटेपणा सांगतं. बिबट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कलम 11 प्रमाणे त्याला पकडायचा लेखी आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देतात, आणि तोही प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा होण्यापलीकडे जखमी-आजारी असेल तरच. शेळ्या मारल्या हे कारण त्यात बसत नाही. पिंजरा लावतात तो वनविभागाची माणसं. वर्षभराचा परवाना कास्तकाराच्या नावानं निघत नाही. उलट कायद्यात सापळा लावणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा ‘शिकार’च. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड.

माल आला तोही कसला! खिडकीच्या ग्रिलची सळई, पंजा आरामात बाहेर येईल एवढ्या फटी, आमिषाच्या शेळीला वेगळा कप्पा नाही. दार खटक्यानं पडायचं, पण ते पूर्ण आदळू नये म्हणून खाली अडणी नव्हती. शेपूट किंवा कंबर सापडली असती तर जखमी बिबट वावरात, आणि कापूस वेचायला बाया. नशीब, पिंजरा लावायच्या आतच बीटगार्डनं, म्हणजे आमच्या भागाच्या वनरक्षकानं, पाहिला आणि कागद हातात घेताच मान हलवली.

पैसे परत मागितले तर तो पिंजरेवाला म्हणतो, “कागदावर नाव कोणाचं आहे? करा तक्रार, पयले तुम्हीच आत जाल.” त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. घेणाराच घाबरून गप्प बसतो, मग हा पुढच्या गावाला मोकळा. आमच्यातलेही काही जण “जाऊ दे बाप्पा” म्हणत होते. तरी आम्ही तो कागद, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि गाडीचा नंबर घेऊन ठाण्यात गेलो. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. पैसे अजून आलेले नाहीत.

बिबटाचा त्रास असेल तर 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. जनावर मेलं तर 48 तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवू नका, नाहीतर भरपाई अडते. एक बिबट नेला तरी मोकळ्या जागेत दुसरा येतोच, म्हणून वर्गणी काढायचीच तर कोठ्याला चारी बाजूंनी जाळी, वर पक्कं छत आणि कडीचं दार यासाठी काढा. गावातली उकिरड्यावरची कुत्री हेही बिबटाचं खाद्यच, तेवढा उकिरडा हलवा.

ऐकतो की तो आता धानपट्ट्यात फिरतो आहे, पांढऱ्या पिकअपमध्ये. रानडुकरांसाठीही ‘परवाना’ देतो म्हणे. आलाच तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बीटगार्डला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा.