सीताफळात क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले, त्याचा अनुभव (मोठा आहे, निवांत वाचा)

सासवडकडं आमची सीताफळाची बाग, जात फुले पुरंदर. गेल्या ऑगस्टला फळ पोसायला लागलं आणि मिलीबगनं (पिठ्या ढेकूण, रस शोषणारी पांढरी कीड) फळाच्या डोळ्यांच्या खाचांत ठाण मांडलं. फवारा कितीही मारा, त्या मेणचट आवरणावरनं औषध घरंगळतं. खालच्या फळांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, असा माल मार्केटला कोण घेतंय!

मग क्रिप्टोलिमस मागवले, म्हणजे मिलीबग खाणारे भुंगेरे. मूळ ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ पासनं आहे, लॅबमधे लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून त्यावर याला पोसतात. भुंगेरा इवलासा, पाठ काळी, डोकं नारिंगी. शिफारस हेक्टरी १५०० ची, ऊन उतरल्यावर सोडायचे. एका पार्सलमधे निम्मे मेलेले निघाले, दुकानदारानं बदलून दिले नाहीत, त्यामुळं डबा तिथंच उघडून बघा.

आता मेन गोष्ट. भुंगेऱ्याची मादी आपली अंडी मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यातच घालते, पाचसहा दिवसांत अळी बाहेर येते, आणि ती अळी दिसते हुबेहूब मिलीबगसारखी!! अंगावर पांढऱ्या मेणाच्या झालरी, पिंजलेल्या कापसाचा बोळा चालतोय असं वाटतं. शेजारचे दादा म्हणले अरे तुझ्याकडं तर मिलीबग डबल मोठा झाला, उद्याच फवारा. ओळख सोपीय, काडीनं डिवचा, अळी तुरुतुरु पळते, मिलीबग रेंगाळतो. फळं पुसणाऱ्या बायकांना हे आधीच दाखवून ठेवा, नाहीतर त्या आपलीच फौज पुसून टाकतील.

अंड्यापासनं भुंगेरा व्हायला महिनाभर लागतो, फवाऱ्यासारखा दोन दिवसांत रिझल्ट मागू नका. आमच्याकडं दुसरी पिढी दिसल्यावरच खाचा मोकळ्या व्हायला लागल्या. अळ्या मिलीबगची पिल्लं-अंडी फस्त करतात, खायला कमी पडलं तर एकमेकींनाही सोडत नाहीत, आणि मोठे भुंगेरे सरळ उडून जातात. म्हणून मिलीबग तुरळक असताना सोडण्यात पैसे वाया.

मुंगळ्यांचं मात्र बघाच. गोड चिकट्यासाठी ते मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्याला हुसकावून लावतात. आम्ही खोडाला चिकटपट्टी मारली, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, तेव्हा कुठं फरक पडला. थंडी वाढली की काम मंदावतं, डिसेंबरात जवळपास ठप्पच होतं.

रेटिंग पाचपैकी चार, एक स्टार त्या पार्सलचा कापला. कीटकनाशक बंद ठेवायची तयारी नसेल तर घेऊच नका.