प्लम व्हिलेज ॲप : घंटा, गोष्टी आणि गाणी

प्लम व्हिलेजचं ध्यानाचं ॲप माझ्या फोनमध्ये बरेच महिने आहे आणि काढून टाकावंसं एकदाही वाटलं नाही, आणि आजूबाजूचे तीन-चार जण तरी विचारून गेलेत की एवढं काय आहे त्यात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण ॲप छोटं असलं तरी त्यामागे जे आहे ते छोटं नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. थिक न्यात हान हे व्हिएतनामचे झेन भिक्खू, जन्म १९२६ चा, सोळाव्या वर्षी ह्वे शहरातल्या तू हिएउ मठात दाखल झाले. युद्धाच्या काळात त्यांनी मठात बसून राहण्यापेक्षा बॉम्ब पडलेल्या गावांत जाऊन काम करायचं ठरवलं, तरुणांना त्यासाठी शिकवलं, आणि १९६६ मध्ये शांततेची बाजू मांडायला अमेरिकेला गेले तर परत मायदेशी यायचीच बंदी झाली. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं. जवळजवळ चाळीस वर्षं ते देशाबाहेर होते, २००५ मध्ये पहिल्यांदा परत जाता आलं. त्या बाहेरच्या काळात, १९८२ मध्ये, नैऋत्य फ्रान्समध्ये त्यांनी जो आश्रम उभा केला तो प्लम व्हिलेज, तिथे १२५० प्लमची झाडं लावली म्हणून हे नाव, आणि १२५० कारण बुद्धांच्या सुरुवातीच्या भिक्खूसंघाचा आकडा परंपरेत तेवढा सांगितला जातो. शिष्य त्यांना थाय म्हणतात, म्हणजे गुरुजी. २०१४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाल्यावर त्यांचं बोलणं बंद झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये ज्या मठात सुरुवात केली तिथेच ते गेले. ॲप त्यांच्या आश्रमाचं आहे, पूर्ण मोफत आहे, जाहिरात नाही, सबस्क्रिप्शन नाही, देणगीवर चालतं.

हे सगळं सांगितलं कारण ॲप उघडल्यावर जो शांत, संथ आवाज ऐकू येतो तो ऐकून कुणाला वाटेल की हे सगळं सुखी माणसांसाठी आहे. तसं नाहीये. ज्या माणसाचे स्वतःचे सहकारी युद्धात मारले गेले त्याने श्वासाकडे लक्ष द्या असं सांगणं आणि कुठल्या तरी कंपनीने रेकॉर्ड करून घेतलेल्या गोड आवाजाने सांगणं, यात मला तरी फार फरक जाणवतो.

आता ॲपमधली सगळ्यात भारी गोष्ट, घंटा. प्लम व्हिलेजमध्ये म्हणे घड्याळाचे टोले पडले किंवा फोन वाजला की सगळे असतील तिथे थांबतात, बोलणं थांबवतात, हातातलं काम थांबवतात, तीन श्वास घेतात आणि मग पुढे. फोन उचलणाराही आधी श्वास घेतो मग उचलतो. तीच घंटा ॲपमध्ये आहे, किती वेळाने वाजवायची आणि दिवसातल्या कुठल्या तासांत वाजवायची हे आपण ठरवायचं. बस एवढंच फीचर आहे. मला पहिल्यांदा वाटलं यात काय, अलार्मच की. पण अलार्म काहीतरी करायला लावतो आणि ही घंटा वाजली की काहीच करायचं नसतं, आणि दिवसभरात काहीच न करायची परवानगी आपल्याला दुसरं कोण देतं सांगा.

एक प्रसंग सांगते. आईच्या तब्येतीवरून धाकट्या भावाशी मेसेजवर जुंपली होती, तो म्हणत होता ताई तू उगाच टेन्शन घेतेस आणि मी भलामोठा मेसेज टाइप करत होते, दोन्ही अंगठे सपासप चाललेले, आणि मध्येच घंटा वाजली. सवयीने थांबले. पहिल्या श्वासाला कळलं की दात दातावर घट्ट दाबून धरलेत, दुसऱ्याला कळलं खांदे पार कानापर्यंत गेलेत, तिसऱ्या श्वासानंतर जे टाइप केलं होतं ते वाचलं तर त्यात आईबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, बाकी सगळं कधीकाळचं, कुठल्या तरी लग्नातलं, वडील असतानाचं. ते सगळं पुसलं आणि लिहिलं, "तू कधी येऊ शकशील ते सांग, मग आपण दोघं मिळून ठरवू." तो लगेच म्हणाला शनिवारी येतो. राग गेला असं नाही हं, राग होताच, फक्त तो मेसेजमध्ये गेला नाही.

यात शरीराचा भागही आहे, नुसती श्रद्धा नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात, त्यामुळे सावकाश, लांब श्वास सोडला की शरीराला आपोआप सुटल्यासारखं वाटायला लागतं. बुद्धांच्या आनापानसति सुत्तात, म्हणजे श्वासावरच्या प्रवचनात, श्वासाबरोबर करायचे सोळा अभ्यास दिलेत, आणि त्यात अगदी सुरुवातीला एवढंच आहे की श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणा, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणा. बदला असं म्हटलेलं नाही, जाणा म्हटलंय. घंटेने हेच होतं. ज्यांना डोळे मिटून वीस मिनिटं बसणं जमत नाही त्यांनी बसूच नका, नुसती घंटा लावा.

दुसरं म्हणजे गोष्टी. थाय यांची प्रवचनं ॲपवर आहेत आणि त्यांचं बोलणं म्हणजे उपदेश कमी आणि रोजच्या जगण्यातले किस्से जास्त. भांडी घासताना भांडीच घासा, पुढे काय करायचं त्याच्या घाईत घासू नका, हे ते किती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, आणि त्यात गंमत अशी की ऐकल्यावर आपल्याला कुणी शिकवतंय असं वाटत नाही. त्यांच्या एका मित्राची गोष्ट मला फार आवडते, तो संत्रं खात खात पुढच्या योजनांबद्दल भरभरून बोलत होता, एक फोड तोंडात असतानाच दुसरी सोलून तयार, आणि थाय त्याला म्हणाले की आधी जी फोड तोंडात आहे ती तर खा. एवढीच गोष्ट. आणि भरधाव घोड्यावरच्या माणसाची जुनी झेन गोष्ट ते सांगतात, रस्त्यावरचा माणूस विचारतो कुठे निघालास, तर हा ओरडून म्हणतो मला काय माहीत, घोड्याला विचार. त्यांचं म्हणणं की घोडा म्हणजे आपल्या सवयीचा जोर. ती ऐकल्यापासून फोन हातात घेऊन मी नक्की कशासाठी उघडला होता हे आठवत नसलं की मला तो घोडाच आठवतो.

या गोष्टी एका दमात चार-पाच ऐकू नयेत असं माझं मत आहे. एक ऐका आणि दिवसभर तिला तशीच राहू द्या. मी सुरुवातीला घरकाम करताना लागोपाठ प्रवचनं लावून ठेवायचे तेव्हा छान वाटायचं पण संध्याकाळी एकही धड आठवायची नाही.

आता गाणी, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. बौद्ध परंपरेत अष्टशील म्हणजे आठ नियम पाळणारे उपासक आणि श्रामणेर म्हणजे नवशिके भिक्खू नाच-गाणं-वादनापासून दूर राहतात, शीलांमध्येच ते आहे, त्यामुळे भिक्खू-भिक्खुणी गिटार घेऊन गाताना बघून काहींना विचित्र वाटू शकतं. थाय यांनी गाण्याला करमणूक म्हणून नाही तर सराव म्हणून घेतलं. चार-सहा ओळींची गाणी, साधे शब्द, पुन्हा पुन्हा तेच, आणि ओळ अशी बेतलेली की एक ओळ श्वास आत, एक ओळ श्वास बाहेर. लहान मुलांसाठी त्यांनी चार खड्यांचं ध्यान तयार केलं, एक खडा फुलाचा म्हणजे ताजेपणा, एक डोंगराचा म्हणजे स्थिरपणा, एक निवळ पाण्याचा, एक मोकळ्या आकाशाचा, हेच गाण्यातूनही येतं. पहिल्यांदा ऐकाल तर बालवाडीतलं वाटेल. आवाज तयारीचे नाहीत, कुठे सूर हलतो, सगळे एका पट्टीतही नसतात कधी कधी. मला आधी ते खटकायचं, शास्त्रीय ऐकत वाढलेल्या कानाला खटकणारच. पण मग लक्षात आलं की ही गाणी ऐकायला नाहीतच, गुणगुणायला आहेत. रांगेत उभी असताना, जिना चढताना, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मनात ती चाल आपोआप सुरू होते आणि चालीबरोबर श्वास येतो. प्रवचनातलं वाक्य घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, चाल आठवते.

आणि मग तो अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, नावाचा जप. तो या छोट्या गाण्यांसारखा नाही, लांब आहे, सगळा संघ मिळून हळूहळू तेच नाव म्हणतो, रेकॉर्डिंगमध्ये सोबत तंतुवाद्यंही असतात, आणि आश्रमात सांगतात त्याप्रमाणे पहिल्यांदा स्वतःच्या आतल्या दुःखाकडे लक्ष न्यायचं, मग जवळच्या माणसांच्या, मग जगातल्या. हा हेडफोन लावून, दिवा मंद करून ऐका, मध्ये थांबवू नका. मला रडू आलं होतं, आणि ते वाईट रडू नव्हतं. एक मात्र आहे, घरात नुकतंच काही दुःखाचं घडलं असेल तर तो एकट्याने ऐकायच्या आधी विचार करा, कारण तो आत साठलेलं वर आणतो.

संगीत आणि साधना म्हटलं की मला नेहमी सोणाची गोष्ट आठवते, अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहात आहे. सोण कोळिवीस हा श्रीमंत घरचा सुकुमार मुलगा, भिक्खू झाला आणि चालत करायच्या ध्यानात इतका चालला इतका चालला की तळव्यांतून रक्त आलं, तरी मन मोकळं होईना, म्हणून घरी परत जायचा विचार करायला लागला. बुद्धांनी त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या की वाजायची का, फार सैल ठेवल्या की वाजायची का. हे ॲप वापरताना मला हेच मोजमाप उपयोगी पडतं. मेडिटेशनची ॲप्स बहुतेक तार ताणतात, आज केलं का, काल चुकलं, सलग किती दिवस झाले. इथे तसा धाक मला जाणवला नाही. उघडलं तर आहे, नाही उघडलं तर कुणी रुसत नाही.

झोपेचा त्रास असणाऱ्यांनी पडून करायचं डीप रिलॅक्सेशन नक्की लावून बघा. ही पद्धत प्लम व्हिलेजमध्ये रुजवली ती सिस्टर चान खोंग यांनी, थाय यांच्या सगळ्यात जुन्या सहकारी, १९६० च्या दशकात सायगावच्या गरीब वस्त्यांमध्ये काम केलेल्या, आणि त्या मध्ये मध्ये अंगाईसारखं गातातही. डोळे, हृदय, यकृत असं एकेका अवयवाकडे लक्ष नेऊन त्याला थँक्यू म्हणायचं असतं. यकृताला थँक्यू! मी आयुष्यात कधी यकृताचा विचार केला नव्हता, पण अंधारात पडल्या पडल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि खरंच वाटलं की बाई गं, हे किती वर्षं न बोलता काम करतंय. पुढचं बहुतेक वेळा मला ऐकूच येत नाही कारण झोप लागलेली असते.

पॉडकास्टही आहे, पण भाग तासाभराहून मोठे असतात, मी प्रवासातच ऐकते. टायमर, साधी गाईडेड मेडिटेशन्स हे सगळं ठीक, इतर ठिकाणी मिळतं तसंच.

कुणाला जमणार नाही ते पण सांगते. मी वापरते ते सगळं इंग्रजीत आहे, संथ आणि सोपं इंग्रजी आहे, व्हिएतनामी उच्चारांची कानाला सवय व्हायला थोडा वेळ लागतो. आईला मी म्हणूनच फक्त घंटा लावून दिली आहे, तिला बाकी काही लागत नाही. ज्यांना धम्माचा अभ्यास करायचाय, सुत्तं क्रमाने वाचायचीत, त्यांना हे अपुरं वाटेल, तसा उद्देशही नाही. उलट ज्यांना धर्म हा शब्दच नको असतो त्यांना बुद्धांचं नाव आणि जप जागोजागी भेटेल, तेवढी तयारी हवी. आणि जर सतत निराश वाटत असेल, जगावंसं वाटत नसेल, तर आधी डॉक्टरकडे जा, ॲप नंतर. घंटा आणि गाणी औषधाच्या जोडीला चालतात, औषधाच्या जागी नाही.

नवीन सुरू करणाऱ्यांनी सगळं एकदम उघडून बघत बसू नका. पहिले काही दिवस फक्त घंटा, तासातून एकदा, ऑफिसमध्ये असाल तर आवाज कमी ठेवून, आणि झोपेच्या वेळा सेटिंगमधून वगळायला विसरू नका. मग एखादं छोटं गाणं, तेच तेच, आवडो न आवडो, पाठ होईपर्यंत. प्रवचनं त्यानंतर. घरात लहान मुलं असतील तर मात्र उलटं करा, त्यांच्यासाठीच्या ध्यानांपासून सुरुवात करा आणि चार खडे त्यांनाच शोधून आणू द्या. माझ्या भाचीने आणलेल्या चारपैकी डोंगराचा खडा एवढा मोठा आहे की तिच्या मुठीत मावत नाही, आणि तो बदलायला ती अजिबात तयार नाही.