ऑटो गिअरची जुनी गाडी आणि घाबरत शिकणारी मी : सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

चाळिशी ओलांडल्यावर कार शिकायला घेतलेल्या, आणि स्टेअरिंगवर बसलं की तळहाताला घाम फुटणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मी बेळगावात अनगोळला राहते, पतसंस्थेत नोकरी करते, माहेर निपाणीकडं. शिकाऊ परवाना हातात आल्यावर आम्ही एक सेकंडहँड छोटी हॅचबॅक घेतली, ऑटो गिअरची, म्हणजे एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं ती). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना लागू पडतं.

आधी मुद्द्याचं. आपल्याला भीती नक्की कसली वाटते, ते ओळखून मग गाडी निवडा. चौकात गाडी बंद पडेल, मागचे हॉर्न मारतील, पाय गोंधळतील, ही भीती असेल तर ऑटो गिअर तिला पुरून उरतो. समोरून लॉरी आली की अंग आखडतं, ही भीती असेल तर तिथं गिअर कुठलाही असला तरी फरक पडत नाही. तिथं रस्ताच शिकवतो. मला दोन्ही होत्या. पहिली पंधरवड्यात गेली, दुसरी अजून थोडी शिल्लक आहे.

ड्रायव्हिंग स्कूलचा २१ दिवसांचा क्लास मी केला होता आणि तो करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. आमचे सर मोठे शांत होते. गोवावेस सर्कलला गाडी बंद पडली की म्हणायचे, "अक्का, घाबरूलासा कशाला? मी हाय की." पण तिथंच मेख होती. गाडी मी चालवते की सर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. क्लास संपला तेव्हा गिअर टाकता येत होते, पण एकटीनं गाडी गेटबाहेर काढायची हिंमत नव्हती. आमच्या क्लासमधल्या बऱ्याच जणींचं तसंच झालं. परवाना कपाटात आणि कार नवऱ्याकडं.

मग धाकट्या दिरानं सुचवलं, "वहिनी, क्लचच नको. ऑटो गिअरची बघूया." घरात यावर चर्चा झाली. ऑटो गिअरवर शिकलं की खरं ड्रायव्हिंग येत नाही, असं म्हणणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये दुचाकीला गिअरची आणि बिनगिअरची असे वेगळे वर्ग आहेत, कारला मात्र तसे नाहीत. हलक्या मोटार वाहनाचा परवाना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो. मी टेस्ट स्कूलच्या गिअरच्या गाडीवर दिली आणि रोज चालवते ऑटो गिअर.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची टेस्ट देता येते. एकतिसाव्या दिवशी पळू नका. त्या सहा महिन्यांत पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावून, शेजारी परवानाधारक माणूस बसवून सराव करण्याची कायद्यानं दिलेली मुभा आहे, ती पूर्ण वापरा. आणि शेजारच्या माणसासाठी एक गोष्ट बघूनच गाडी घ्या: हँडब्रेकचा दांडा दोन सीटांच्या मध्ये हवा. आपल्या घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, वेळ आली तर शेजारच्याला तोच दांडा ओढता येतो.

आता गाडीविषयी. एएमटीमध्ये आत गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो, क्लचही तोच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम आपल्या पायाऐवजी आणि हाताऐवजी यंत्र करतं. खाली दोनच पेडल, दोन्हींना उजवा पाय. डाव्या पायाला काही काम नाही, आणि त्याला काम द्यायचंही नाही. गिअरचा दांडा डी वर, म्हणजे ड्राइव्हवर, टाकून ब्रेक सोडला की गाडी अ‍ॅक्सिलरेटर न देता हळूहळू पुढं सरकते. माझ्यासारखीला या सरकण्यानं तारलं. पहिले काही रविवार आम्ही प्लॉट पडलेल्या पण घरं न झालेल्या एका ले-आऊटमध्ये गेलो आणि मी अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावला नाही. नुसता ब्रेक कमी-जास्त करत वळणं घेतली, मागं घेतली, दोन दगडांच्या मधून काढली. गाडी माझ्या पायाखाली थांबते, मी म्हणेन तेव्हा थांबते, ही खात्री तिथं पटली. क्लासमध्ये एवढ्या हळू चालवायला कधी मिळालंच नव्हतं.

डाव्या बाजूचा अंदाज हे सगळ्या शिकाऊंचं दुखणं. दिरानं त्यावर सोपा उपाय काढला. गाडी रस्त्याच्या कडेला वीतभर अंतरावर लावली, मला सीटवर बसवलं आणि विचारलं, "रस्त्याची कड बॉनेटवर कुठं दिसते?" ती बॉनेटच्या साधारण मध्यावर दिसत होती. तीच खूण मी डोळ्यांत ठेवली. उंची आणि सीटप्रमाणं ही खूण थोडी बदलते, म्हणून सीट एकदा जुळवली की कुणाला हलवू देऊ नका. आमच्याकडं यावरून वाद होतात, पण मी सोडत नाही.

चढ हा या गाडीचा सगळ्यात कच्चा भाग, म्हणून यावर सविस्तर लिहिते. नव्या बऱ्याच गाड्यांत चढावर गाडी काही क्षण धरून ठेवणारी सोय असते, आमच्या जुन्या गाडीत नाही. ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत ती मागं घसरते. कपिलेश्वर उड्डाणपुलावर संध्याकाळी गाड्यांची रांग लागली आणि मागं बंपरला चिकटून रिक्षा असली, की छातीत धडधड व्हायची. यावर मी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या रस्त्यावर सराव केला. सकाळी लवकर गेलं की वर्दळ नसते आणि चढ चांगला खडा आहे. हँडब्रेक पूर्ण ओढायचा, ब्रेक सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर हलका द्यायचा. गाडी पुढं जायला ताणते, तिचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. तेव्हाच हँडब्रेक सोडायचा. एक इंचही मागं जात नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही त्या चढावर थांबत आणि निघत राहिलो. आता उड्डाणपुलावर उजवा पाय आणि डावा हात आपोआप आपलं काम करतात. मला खरा धीर आला तो तिथं, सपाट रस्त्यावर नाही.

चढावर आणखी एक सवय टाळा. रांगेत थांबताना अ‍ॅक्सिलरेटर थोडा देऊन गाडी तोलून धरायची, असं बरेच लोक करतात. त्यानं आतला क्लच घासतो आणि तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक, तिसरं काही नको.

बाजारात ही गाडी सोन्यासारखी आहे. खडेबाजार, गणपत गल्ली, शनिवारची गर्दी, मध्येच आडवी येणारी स्कूटर, सगळीकडं नुसत्या ब्रेकवर जाता येतं. क्लचवरचं लक्ष मोकळं झालं की डोळे आरशांकडं जायला लागतात, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. पूर्वी मला आरसे दिसतच नसत. पार्किंग मात्र मी अजूनही लांब लावते आणि चालत जाते. त्यात काही कमीपणा नाही.

पावसाळ्यात सुरुवात केली त्याचा उपयोग झाला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काच आतून धुरकट होणारच. वारा समोरच्या काचेवर वळवायचा आणि एसी लावायचा. एसी हवेतला दमटपणा काढून घेतो आणि काच लगेच साफ होते. थंडी वाजते म्हणून एसी बंद करून रुमालानं काच पुसत गाडी चालवणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो.

हायवेवर मी उशिरा गेले. आधी वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, मग उचगाव, मग शिनोळीपर्यंत. तिथं हद्द ओलांडून महाराष्ट्रात गाडी नेली तेव्हा शेजारी सासूबाई होत्या, त्यांनी कौतुकानं पाठीवर हात ठेवला. वाढवत नेलं ते अंतर. वेळ तीच ठेवली, सकाळची. मग निपाणी. वाटेतल्या वंटमुरीच्या उतारावर डी मध्ये गाडी वरचा गिअर घेते आणि सुसाट सुटते, ब्रेक दाबत राहावा लागतो. तिथं एम मध्ये, म्हणजे गिअर आपल्या हातानं निवडायच्या मोडमध्ये, टाकून खालचा गिअर धरला की इंजिनच गाडी आवरतं. तवंदी घाटातही तेच.

ओव्हरटेक हा या गाडीचा दुसरा कच्चा भाग. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गिअर उतरायला क्षणभर वेळ जातो, आणि हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलात तर तो क्षण फार मोठा असतो. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सगळ्या रस्त्यांवर असतात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस लोंबतो, मागं दिवा असेलच असं नाही. माझा नियम ठरलेला आहे: आधी एम मध्ये गिअर उतरवून घ्यायचा, दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरच्या पुढचा रस्ता स्वच्छ दिसला तरच जायचं, नाहीतर मागं राहायचं. मागच्यानं कितीही डिपर मारू दे. अंधार पडल्यावर हंगामात मी आतल्या रस्त्यांनी जातच नाही आणि नव्या कुणीही जाऊ नये.

बारीकसारीक त्रास सांगते. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी डुलकी घेतल्यासारखा झटका देते. गिअर बदलायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल केला की तो जवळजवळ जातो. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय चालू होत नाही. पार्किंगचा वेगळा गिअर नाही, म्हणून गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. बॅटरी उतरली तर ढकलून चालू होत नाही, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जम्पर केबल डिकीत हवीच.

सेकंडहँड घेणार असाल तर मालकाच्या दारातल्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून पैसे देऊ नका. चढावर न्या. निघताना थरथरते का, इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही असं होतं का, जळका वास येतो का, ते बघा. तसं असेल तर क्लच संपत आला आहे. गिअर बदलायचं यंत्र बिघडलं तर खर्च मोठा येतो, म्हणून सर्व्हिसची जुनी बिलं मागा, आणि घ्यायच्या आधी ओळखीच्या मेस्त्रीला सोबत घेऊन एकदा ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवा. थंड गाडी नीट वागते, तापल्यावर तिचे दोष दिसतात.