आजींच्या पडवीवरचं आगळ, त्यांच्यामागे

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत शेजारच्या आजींच्या पडवीवर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, यंदाही मिळतायत. आजी गेल्या श्रावणात गेल्या. आता सगळं सूनबाई बघतात. गिऱ्हाईक असो की वाट चुकलेला पाहुणा, "आदी बस, पाणी पी, मगे सांग काय ता," हे आजींचं ठरलेलं. हातावर गुळाचा खडा पडल्याशिवाय बाटलीचा विषय निघत नसे.

आगळ अगदी त्यांच्या हातचं उतरलंय. पिकून गर्द लाल झालेले रतांबे (कोकमाची फळं) धुऊन फडक्याने कोरडे पुसायचे, फोडून बिया काढायच्या आणि साली चिनी मातीच्या बरणीत मिठाबरोबर थराथराने भरायच्या. ४ किलो सालींना १ किलो जाडं मीठ. रोज लाकडी डावाने खालीवर करून आठवड्याने गाळायचं. पाण्याचा अंश राहिला की वर पांढरी बुरशी धरते, म्हणून पुसण्याच्या कामात आजी कुणाला घाई करू देत नसत. सोलकढीला एका नारळाच्या दुधात ३-४ चमचे आगळ पुरतं. मीठ त्यातच असतं, वरचं चव बघून घाला. कढी चुलीवर ठेवू नका, फाटते.

सोलं मात्र यंदा कमी पडली. साल रसात भिजवून उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, अशी पाच पुटं आजी देत. यंदा तीनच बसली असावीत. रंग फिका आहे, कडा कडक आहेत. मे संपताना आभाळ भरून आलं की हे होतंच, त्यात सूनबाईंचा दोष नाही. चांगलं सोल दुमडतं, मोडत नाही, आणि चिमटीत चोळलं की बोटं लाल होतात. आजी प्रत्येक सुपातलं एक तरी असं चोळून बघत. त्यांची अंगठ्याची रेघ बारमाही लालच असे. सध्याची सोलं घरी दोन उन्हं दाखवूनच बरणीत भरा आणि आमटीत एखादं जास्त टाका.

बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, तेही आहे. भेगाळलेल्या टाचांना रात्री कोमट करून लावा.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या बाटलीवर साधं लेबलही नाही. जाताना कोरडी काचेची बाटली न्या. झाकण पत्र्याचं नको, आंबट-खारटाने गंजतं. आणि पाच मिनिटं हाताशी ठेवून जा. तांब्या आणि गूळ अजून पडवीवरच असतो.