बिझों फ्युते : फेब्रुवारी ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून दक्षिण फ्रान्समधल्या मॉंपेलियेच्या बाजूचा समुद्र सुमारे ११५० किलोमीटर. गाडीत दोन मुलं, भारतातून आलेले आजी-आजोबा, मागे बॅगा आणि धपाट्यांचा डबा. या प्रवासाबद्दल इथली मराठी मंडळी हमखास सल्ला देतात : पहाटे तीनला निघा किंवा रात्रभर चालवा, मॅप सांगेल तिकडे वळा. बिझों फ्युते ही फ्रेंच सरकारची वाहतूक-अंदाज सेवा हिवाळ्यापासून शरदापर्यंतच्या सगळ्या सुट्ट्यांत वापरून माझं मत पक्कं झालं आहे. किती वाजता निघता यापेक्षा कोणत्या वारी निघता, यावर सगळं ठरतं. आणि तो वार ठरवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. शिवाय फुकट.

१९७५च्या उन्हाळ्यात फ्रान्सभर शेकडो किलोमीटरच्या रांगा लागल्या, त्यानंतर १९७६ साली ही सेवा सुरू झाली. वर्षाची दिनदर्शिका आधीच जाहीर होते. प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग (हिरवा म्हणजे मोकळा, काळा म्हणजे सगळ्यात जास्त कोंडीचा), आणि तोही दोनदा : एक सुट्टीला जाणाऱ्यांच्या दिशेचा, दुसरा परतणाऱ्यांचा. हे दोन रंग वेगळे वाचायची सवय लावून घ्या, खरा फायदा तिथेच आहे. ऑगस्टच्या शेवटाला परतीची बाजू लाल असते तेव्हा दक्षिणेकडे जाणारा रस्ता बऱ्याचदा मोकळा असतो. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत, त्यांनी हा काळ सोडू नये.

काळा रंग जवळजवळ नेहमी शनिवारीच येतो आणि त्याचं कारण साधं आहे. सुट्टीची घरं आणि कॅम्पिंगच्या जागा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात. त्यामुळे अर्धा युरोप एकाच दिवशी किल्ली परत करतो आणि एकाच दिवशी नवी घेतो. जुलै संपून ऑगस्ट लागतो त्या शनिवारी जुलैवाले परतत असतात, ऑगस्टवाले निघालेले असतात. देशभरातल्या रांगांची बेरीज अशा दिवशी १००० किलोमीटरच्या पुढे जाते. ल्योंहून मार्सेयकडे जाणारा ए-७ महामार्ग आणि ओरांजला त्यातून फुटून स्पेनकडे वळणारा ए-९, या दोघांवर सगळा भार. वालांसजवळ पस्तीस अंशांच्या उन्हात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा मागच्या सीटवरच्या सत्तरीच्या माणसाचे काय हाल होतात, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

म्हणून आम्ही उन्हाळ्यात मंगळवारी निघालो. घर शनिवारपासूनच मिळत असेल, तर रविवारी पोहोचायचं आणि एका रात्रीचं भाडं सोडून द्यायचं. अनेकांना हे पटत नाही, पैसे वाया गेले असं वाटतं. माझ्या मते सगळ्या सुट्टीत याहून चांगले खर्च झालेले पैसे नाहीत. रविवारचा आणखी एक फायदा : फ्रान्समध्ये साडेसात टनांवरच्या ट्रकना शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १० बंदी असते. गणपतीला कोकणात जाताना अवजड वाहनं थांबवली की रस्ता जसा श्वास घेतो, तसंच इथे दर रविवारी होतं.

मॅपवर चालणारी अ‍ॅप वाईट नाहीत, आम्हीही लावतो. पण ती कोंडी झाल्यावर कोंडी दाखवतात. तोवर गाडी ए-७ वर असते आणि पर्याय म्हणून दिलेल्या गावातल्या रस्त्यावर तेच अ‍ॅप पाहून शेकडो जण उतरलेले असतात. तिथे वेगमर्यादा साधारण ८०, मध्येमध्ये चौक, आणि गावकऱ्यांनाही त्रास. रंगांची दिनदर्शिका काही आठवडे आधी सांगते, घराचं बुकिंग करतानाच. आठवड्याच्या शेवटाआधी कुठला टप्पा कोणत्या वेळी टाळावा याचा तपशीलही येतो. निघण्याच्या आदल्या रात्री तोही वाचून घ्यावा.

रस्त्याचं म्हणाल तर लक्झेम्बर्ग, मेस, नान्सी करत दीजोंपर्यंत सगळे एकच. तिथून बहुतेक जण बोनवरून ए-६ धरतात आणि ल्योंच्या तोंडाशी अडकतात. आम्ही दीजोंहून ए-३९ घेतो, बूर्ग-आं-ब्रेसमार्गे, आणि ल्योंला पूर्वेकडून वळसा घालून जातो. हा रस्ता बराच शांत आहे, आणि वाटेत ब्रेसच्या कोंबडीच्या नावाचा थांबा लागतो. तिथलं पोलादी कोंबड्याचं प्रचंड शिल्प मुलांना इतकं आवडलं की बूर्गला मुक्काम करायचा बेत त्यांनीच मंजूर केला. आजी-आजोबा सोबत असतील तर मुक्काम कराच. बेझियेच्या बाजूला जायचं असेल तर क्लेर्मों-फेरांहून ए-७५ पाहा. तो हजार मीटरहून उंचावरून जातो, उन्हाळ्यात हवा थंड, आणि २००४ साली खुला झालेला मियोचा पूल सोडला तर जवळपास सगळा टोलमुक्त. आमच्याकडून तो थोडा लांब पडतो, तरी परतताना मी तोच निवडेन.

टोलचा बिल्लाही (काचेवर लावला की टोल आपोआप भरला जातो) याच काळात वापरला. ल्योंजवळच्या व्हिलफ्रांश आणि व्हिएनच्या नाक्यांवर गर्दीच्या दिवशी त्याची किंमत कळते : ३० किमी वेगाने न थांबता पार. अशा लेनवर २ मीटर उंचीचा आडवा दांडा असतो, छतावर पेटी बांधली असेल तर शेजारची लेन घ्या. बिल्ला पोस्टाने येतो, महिनाभर आधी मागवा.

आता उणिवा. ही सेवा फ्रान्सपुरतीच बोलते. डच शाळांच्या सुट्ट्या तीन विभागांत वेगवेगळ्या दिवशी लागतात, आणि शाळा बुडवली तर दंड होतो म्हणून सगळे शुक्रवारी दुपारीच निघतात. लक्झेम्बर्गमधल्या बर्केमच्या पंपावर स्वस्त पेट्रोलसाठी रांग लागते ती वेगळीच. याचा पत्ता बिझों फ्युतेला नाही. आपल्या विभागाच्या तारखा तुम्हालाच शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. मजकूर मुख्यतः फ्रेंचमध्ये, पण रंग, तारखा आणि नकाशा समजायला भाषा अडत नाही.

हिवाळ्यात मात्र ती अपुरी पडली. फेब्रुवारीत फ्रेंच शाळांचे अ, ब, क विभाग पाळीपाळीने सुटतात, तरी आल्प्समध्ये, स्कीच्या गावांकडे नेणाऱ्या आल्बेरव्हिल ते मूतियेच्या दरीत एकच मुख्य रस्ता आहे. शनिवारी तिथे रंग नारिंगी असला तरी लाल समजा. नोव्हेंबर ते मार्च डोंगरी भागात हिवाळी टायर किंवा बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या लागतात, तेही आधी पाहा. आल्प्समध्ये रविवार ते रविवार भाड्याने मिळणारी घरं थोडी आहेत, लवकर संपतात. येत्या फेब्रुवारीसाठी आम्ही तसलंच एक घेऊन ठेवलं आहे.