माझा चांगला कॅमशाफ्ट गेला, रंगवलेला आला

वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. 1089 सीसीचं ते इंजिन काही वारा प्यायलेलं नव्हे, पण पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट निम्मा तरी तिसऱ्या गिअरमध्ये चढायचं. मला तो अख्खा चढायचा होता, म्हणून जास्त ताकद देणारा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, घ्यायचं ठरवलं. या हौसेपायी 14,000 रुपये गेले, तीन महिने गेले आणि गाडीचा मूळ कॅमशाफ्टही गेला. हळहळ वाटते ती शेवटच्या गोष्टीची.

विकणारा फोनवर अतिशय गोड. "साहेब, स्टेज टू कॅम आहे. 288 डिग्री, इम्पोर्टेड बिलेट. नुसता पिकअप बघा!" बिलेट म्हणजे सलग पोलादी ठोकळ्यातून कोरलेला, आणि अंश म्हणजे इंजिन फिरताना व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो त्याचं माप. 288 ऐकूनच मी गार. ते किती लिफ्टपासून, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलल्यापासून मोजले, हे विचारायचं सुचलंच नाही. व्हॉल्व्ह केसभर हलला तिथून मोजायला लागलं की आकडा फुगतो. 50 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 1.27 मिलिमीटर लिफ्टपासून मोजलं की तोच कॅम चाळीसेक अंशांनी खाली येतो. कॅम नीट बनवणारा माणूस सोबत कार्ड देतो. त्यावर लिफ्ट, अंश, लोब सेंटर (लोब म्हणजे शाफ्टवरचा अंडाकृती उंचवटा, त्याचा मध्य किती अंशांवर येतो ते), टॅपेटचा (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल नेणाऱ्या भागाचा) गॅप असं सगळं लिहिलेलं असतं. माझ्या खोक्यात शाफ्ट आणि थर्माकोल.

दुसरं म्हणजे त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. कॉम्प्रेशन किती, कार्बोरेटर मूळचाच का, गाडी गावात चालते की हायवेला, काही नाही. जास्त अंशांच्या कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा, पण खाली पिस्टन वर येताना भरलेलं मिश्रण परत ढकलून देतो. कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला घाटात लागते ती नेमकी खालचीच ताकद. म्हणजे माल खरा असता तरी माझी निवड चुकलेलीच होती, हे कबूल करतो.

"जुना शाफ्ट एक्स्चेंजमध्ये द्या, 2,000 कमी करतो," म्हणाला. दिला. बिल मागितलं तर "बिलावर जीएसटी लागेल". सोडून दिलं. पैसे यूपीआयने.

इंजिन उतरवून शाफ्ट बसवला त्याच दिवशी आमच्या मिस्त्रींनी खूण दाखवली होती. टॅपेटचा गॅप सेट करताना म्हणाले, "दादा, रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचे) स्क्रू पार शेवटाला आलेत. असं कसं?" मी म्हटलं, रेसिंगचा आहे, असेल तसं. आज त्या वाक्याची लाज वाटते. लोबचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, घासून बारीक केला की टॅपेट खाली बसतो आणि ती तूट स्क्रूने भरून काढावी लागते. उत्तर समोर होतं.

गाडी सुरू झाली ती अडखळत. विकणारा म्हणाला, "लोपी आयडलिंग हीच तर ओळख." 300 किलोमीटरला टॅपेट खडखडले, सेट केले. 500 ला परत. 900 च्या आसपास कार्बोरेटरमधून फटफट सुरू झाली आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येही जड जाऊ लागला. ऑईल काढलं तर त्यात चंदेरी चमक. चुंबक फिरवलं, काळी दाढी आली.

शाफ्ट घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या ग्राइंडिंगवाल्या काकांनी आधी थिनरने मधला करडा रंग पुसला. खाली कंपनीच्या शाफ्टवर असते तीच खूण. मग भंगारातला पद्मिनीचा एक शाफ्ट शेजारी ठेवून मायक्रोमीटर लावला. माझ्या शाफ्टचा बेस सर्कल व्यासाला 1.6 मिलिमीटर कमी. आठांपैकी तीन लोबची नाकं, म्हणजे उंच टोकं, सपाट झालेली. सगळ्यात कमी झिजलेल्या लोबच्या नाकावर त्यांनी फाईल फिरवली, ती चावली. भंगारातल्या शाफ्टवर तीच फाईल घसरली. कडकपणा लोबच्या वरच्या थरात असतो. तो थर ग्राइंडिंगमध्ये गेला आणि पुन्हा हार्डनिंग कोणी केलंच नाही. शाफ्ट रीग्राइंड करणं, म्हणजे जुनाच घासून नवा आकार देणं, मुळात वाईट नाही, कित्येक चांगले कॅम तसेच होतात. पण मग रीग्राइंड म्हणून विका, हार्डनिंग करा आणि बिलेटचे पैसे लावू नका.

काकांनी टायमिंगही तपासायला लावलं. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), टॅपेटवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ). टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येतो तो बिंदू, डोळ्याने धरायचा नाही. पिस्टन अडवून दोन्ही बाजूंचे आकडे घ्यायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. लोबचा मध्यही तसाच, समान लिफ्टच्या दोन जागांमधून. लोब सेंटर फोनवर 108 अंश सांगितलं होतं, निघालं 117. स्प्रोकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणा मात्र बरोब्बर जुळलेल्या. खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं, असं मी आजवर समजत होतो.

विकणाऱ्याला फोन केला. "तुमच्या मिस्त्रीने ब्रेक-इन नीट केलं नसणार." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हे उत्तर फार सोयीचं. नवा कॅम सुरू होताच वीसेक मिनिटं 2,000 आरपीएमच्या आसपास चालवावा लागतो, आयडलिंगवर ठेवायचा नसतो. आमचं पाणी गळत होतं म्हणून आम्ही मध्येच बंद केलं होतं. पण ब्रेक-इन चुकलं म्हणून बेस सर्कल दीड मिलिमीटर कमी होत नाही. हे विचारल्यावर नंबर ब्लॉक. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. बिल नसल्याने माझ्या हातात आहेत ते चॅटचे स्क्रीनशॉट आणि काकांनी लिहून दिलेली मापं.

गाडीत सध्या भंगारातला तोच शाफ्ट आहे. शांत चालते, घाट पूर्वीइतकाच चढते.

आमच्या मिस्त्रींना काढलेल्या प्रत्येक भागावर पंच मारायची सवय आहे. माझ्या मूळ शाफ्टच्या पुढच्या टोकावर तीन टिंबं आहेत, त्रिकोणात. पद्मिनीसाठी कोणी 'इम्पोर्टेड' कॅम घेतला असेल तर थिनरचं फडकं घेऊन टोक पुसून बघा. टिंबं दिसली तर तो माझा आहे, आणि तो इंजिनात घालू नका.